सर्टिफिकेटचा लाल इशारा आला? आडवाट शोधू नका, आधी घड्याळ बघा

रमजान ईदचा दिवस. नमाज झाली, गळाभेटी झाल्या आणि शीरखुर्मा घ्यायला आम्ही राजिवड्यातल्या एका ओळखीच्या घरी बसलो होतो. घरातले दोन नातू कुवेतला. त्यांनी तिथल्या ईदचे फोटो आणि व्हिडिओ सकाळीच पाठवले होते. दादीची नजर कमी झालेली, फोनवरचं तिला नीट दिसत नाही. म्हणून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडून मोठ्या पडद्यावर दाखवायचं, असा दर ईदचा रिवाज.

पण त्या दिवशी व्हॉट्सअॅपचं पान उघडेना. पडद्यावर लाल खूण आणि खाली इंग्रजीत चार ओळी. रात्री लाइट गेली होती, सकाळी आली होती. कुणी म्हणालं नेट गेलं, कुणी म्हणालं व्हायरस. शेजारचा बारावीचा मुलगा हुशार. त्यानं यूट्यूबवर शोधलं, ‘सर्टिफिकेट एरर कसा घालवायचा’ असा एक व्हिडिओ सापडला. व्हिडिओखालच्या लिंकवरून एक फाइल उतरवली, दोन-तीन ठिकाणी ‘यस’ दाबलं. तरी पान उघडेना.

मग आमच्यातल्या एकाचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. कॉम्प्युटरची तारीख होती १ जानेवारी २०१५! तारीख दुरुस्त केली आणि पान लगेच उघडलं. दादीनं नातवांना पाहिलं, तिथूनच दुआ दिली, सगळे खूश.

घरी आल्यावर आमच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. त्या मुलानं बसवलेली फाइल कसली होती? ती तर अजून तिथेच होती. आणि खरा धोका त्या लाल इशाऱ्यात नव्हता, त्या फाइलीत होता.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असं घर शोधावं लागत नाही, ज्यातला कुणी ना कुणी कुवेत, सौदी, कतार, दुबईला आहे. घरचे निर्णय, पैशांचे निरोप, पासपोर्टचे फोटो, सगळं चॅटवरून चालतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

सर्टिफिकेट म्हणजे काय? अटेस्टेशनच!

गल्फचं घर असलेल्या माणसाला अटेस्टेशन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुलाची डिग्री नुसती दाखवून चालत नाही. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. तिथला साहेब आपल्या कॉलेजला ओळखत नाही, पण वकिलातीचा शिक्का ओळखतो. एका शिक्क्यानं दुसऱ्याची खात्री दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याची, आणि शेवटच्या शिक्क्यावर साहेबाचा भरवसा.

इंटरनेटवर हेच चालतं. तुम्ही चॅटिंगचं अॅप उघडता तेव्हा तुमचा फोन लांबच्या एका कॉम्प्युटरशी बोलतो. त्याला सर्व्हर म्हणतात. ‘मीच व्हॉट्सअॅपचा सर्व्हर’ असं कुणीही म्हणेल, म्हणून सर्व्हरला आपलं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. त्यावर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का असतो. अशा भरवशाच्या संस्थांची यादी तुमच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आधीपासून भरलेली असते.

फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत चार गोष्टी तपासतो. सर्टिफिकेटवरचं नाव आपण उघडलेल्या ठिकाणाचंच आहे का? त्याची मुदत चालू आहे का? शिक्का यादीतल्या संस्थेचा आहे का? आणि समोरचा खरोखर त्या सर्टिफिकेटचा मालक आहे का? हे चौथं म्हणजे पासपोर्टवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवण्यासारखं. दुसऱ्याचा पासपोर्ट हातात घेऊन उभं राहिलं म्हणून काउंटरवरून सोडत नाहीत.

या चारपैकी एक जरी जुळलं नाही, तर फोन थांबतो आणि इशारा देतो. ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’, ‘अनट्रस्टेड सर्टिफिकेट’, ‘सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड’, शब्द वेगवेगळे असतात. अर्थ एकच: समोरच्याची ओळख मला पटलेली नाही.

इशारा का येतो? बहुतेक वेळा कारण घरातलंच असतं

पहिलं कारण, चुकीची तारीख. प्रत्येक सर्टिफिकेटला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर २०१५ सालात बसला असेल, तर आजचं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटतं. कॉम्प्युटरच्या आत बटणासारखा गोल सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ नंबरचा. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की लाइट गेली रे गेली, तारीख मागे. आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदलून घ्या, खर्च किरकोळ आहे.

त्या ईदच्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत लिहिलंच होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. क्रोम ब्राउजर अशा वेळी स्पष्ट तसंच सांगतो. पण लाल रंग बघून सगळे घाबरले, वाचलं कुणीच नाही. व्हॉट्सअॅपही फोनची तारीख चुकली असेल तर तसा निरोप देतं.

गल्फहून सुट्टीवर आलेल्यांची एक खास गडबड असते. कुवेत, सौदी, कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे. काही जण इथे आल्यावर ‘टाइम झोन’ न बदलता घड्याळाचे काटे फिरवावेत तशी वेळ हातानं पुढे करतात. दिसायला वेळ बरोबर दिसते. पण फोनच्या आत जागतिक वेळेचा हिशेब असतो, तो चुकतो. मुदत संपत आलेलं सर्टिफिकेट मग अडतं. त्यात तारखेलाही हात लागला तर विचारूच नका. सेटिंगमध्ये तारीख, वेळ आणि टाइम झोन ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, विषय संपला.

दुसरं कारण, जुना फोन. भरवशाच्या संस्थांची यादी फोनबरोबर येते. फोन जुना झाला, अपडेट बंद झाले, की यादीही जुनी राहते. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट सर्टिफिकेट देते, जगभरातल्या कोट्यवधी वेबसाइट ते वापरतात. ज्या जुन्या शिक्क्याच्या आधारानं तिची सर्टिफिकेटं सगळीकडे चालत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत तिचा स्वतःचा नवा शिक्का नव्हता. त्यांच्यासाठी एक तात्पुरती सोय केली होती, तिचीही मुदत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. म्हणून ‘काल चालणारा फोन आज का अडतो’ असा प्रश्न अनेकांना पडला. फोन बिघडलेला नाही, त्याला नवा शिक्का ओळखता येत नाही. इलाज एकच: अपडेट येत असेल तर करा. येत नसेल तर पैशांचे आणि कागदपत्रांचे व्यवहार त्या फोनवरून बंद करा. मुलं जुना फोन दादीला देतात आणि नवा स्वतः घेतात. दादीच्या नावावर पेन्शनचं खातं असेल तर जरा उलटा विचार करा.

तिसरं कारण, बाहेरचा वायफाय. एअरपोर्ट, लॉज, रेल्वे स्टेशन इथला फुकट वायफाय आधी आपलं लॉगिनचं पान दाखवू पाहतो. तुम्ही चॅट उघडता, मध्येच वायफायवाला उत्तर देतो, फोनला ओळख पटत नाही, इशारा येतो. अशा वेळी ब्राउजरमधून वायफायचं लॉगिन पूर्ण करा, मग चॅट उघडा. तरी इशारा जात नसेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरा. डेटावर इशारा गेला, म्हणजे गडबड वायफायमध्ये होती. कशाला तिथे बसून बँक उघडायची?

चौथं कारण, मध्ये बसलेला पहारेकरी. काही अँटिव्हायरस आणि बऱ्याच कंपन्यांचं ऑफिस-नेटवर्क सगळी वाहतूक उघडून तपासतं आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारून पुढे पाठवतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीनं आपला शिक्का यादीत घातलेला असतो, म्हणून तिथे इशारा येत नाही. तोच वायफाय तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपला जोडला की इशारा येतो. परदेशात नोकरी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: कंपनीच्या कॉम्प्युटरवर घरच्या गोष्टी करू नयेत.

पाचवं कारण, चूक समोरच्याची. मोठ्यांकडूनही होते. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टचं टीम्स हे चॅटिंगचं अॅप काही तास बंद पडलं, कारण सर्टिफिकेटची मुदत वाढवायची राहून गेली. अशा वेळी तुम्ही काही करू नये. दोन-तीन तास थांबावं, तेही दुरुस्त करतात.

आणि कधी कधी इशारा खरा असतो

‘म्हणजे नव्वद टक्के वेळा काही नसतंच ना? मग दाबू की पुढे’ असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी ही गोष्ट.

रशियात जॅबर डॉट आरयू नावाची जुनी चॅटिंग सेवा आहे. १६ ऑक्टोबर २०२३ ला तिच्या चालकाला जोडणी करताना संदेश दिसला: सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. त्यानं सर्व्हरवर पाहिलं तर सगळी सर्टिफिकेटं ताजी, एकाचीही मुदत संपलेली नाही. मग हे शिळं सर्टिफिकेट कुठून आलं? शोधल्यावर कळलं की जर्मनीतल्या त्यांच्या सर्व्हरच्या वाटेवर कुणीतरी मध्ये बसलं होतं. त्यानं याच नावाची वेगळी सर्टिफिकेटं काढून घेतली होती आणि लोकांचं बोलणं आपल्यातून पुढे पाठवत होता. जवळपास तीन महिने तरी हे चाललं. पकडला गेला तो एका विसरभोळेपणानं, त्याच्या खोट्या पहाऱ्याच्या सर्टिफिकेटची मुदत वाढवायची राहिली. त्या दिवशी जर चालकानं ‘हं, नेहमीचंच’ म्हणून ‘पुढे जा’ दाबलं असतं, तर?

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आलं की त्यांच्या नावाची सर्टिफिकेटं त्यांना न विचारता दिली गेली आहेत. शिक्का होता नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरचा, म्हणजे सरकारी एनआयसीचा. देशातल्या सर्टिफिकेट संस्थांवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकानं एनआयसीची ती परवानगी रद्द केली, चौकशी झाली, आणि सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाल्याचं सांगण्यात आलं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारताचा तो मूळ शिक्का असल्यामुळे विंडोजवाल्यांना धोका होता, फायरफॉक्सची स्वतःची वेगळी यादी असल्यामुळे त्याला नव्हता.

यातून कळतं काय? यादीत एक चुकीचा शिक्का असला की त्या शिक्क्यानं जगातल्या कुठल्याही वेबसाइटचं खोटं सर्टिफिकेट बनवता येतं. तेही इशारा न येता! इथे घुसखोरी सरकारी कार्यालयात झाली होती. आणि तो बारावीतला मुलगा काय करून बसला होता? कुणा अनोळखी माणसाचा शिक्का आपल्या हातानं दादीच्या कॉम्प्युटरच्या यादीत घालून बसला होता.

मग करायचं काय? हा क्रम पाळा

१. संदेश वाचा. इंग्रजी जमत नसेल तर फोटो काढून जमणाऱ्याला पाठवा. ‘क्लॉक’, ‘डेट’, ‘एक्स्पायर्ड’ हे शब्द दिसले तर आधी तारीख बघा.

२. तारीख, वर्ष आणि टाइम झोन तपासा, ‘ऑटोमॅटिक’ करा.

३. वायफाय बदला किंवा मोबाइल डेटावर बघा.

४. तेच पान दुसऱ्या फोनवर उघडून बघा. तिथे चालतं तर दोष तुमच्या यंत्रात. तिथेही नाही चालत तर समोरच्याची चूक, थांबा.

५. अॅप आणि फोन अपडेट करा. अॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअॅपच्या ‘जादा सोयी’ देणाऱ्या नकली आवृत्त्या कुणी लिंकवरून पाठवल्या तर हात लावू नका.

आणि तीन गोष्टी अजिबात करू नका. ‘पुढे जा’ दाबून पासवर्ड किंवा ओटीपी टाकू नका. कुणी पाठवलेलं, व्हिडिओखाली दिलेलं सर्टिफिकेट बसवू नका. फुकट व्हीपीएन बसवताना ते सर्टिफिकेट मागत असेल तर तिथेच थांबा. दुबईत व्हॉट्सअॅपवर बोलता येत नाही म्हणून बरेच जण असे उपाय करतात, तिथल्या कायद्याची भानगड वेगळीच.

कधी कधी ‘पुढे जा’ हे बटणच दिसत नाही. लोक वैतागतात. पण ती सोय त्या वेबसाइटनं मुद्दाम केलेली असते: माझी ओळख पटली नाही तर माझ्या नावानं कुणाला आत सोडू नकोस, असं तिनं ब्राउजरला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

पुढे गेलं तरी चालतं अशी जागा अगदी थोडी. घरच्या राउटरचं सेटिंगचं पान, किंवा एखाद्या ऑफिसनं स्वतःसाठी चालवलेला चॅट सर्व्हर, यांनी स्वतःच स्वतःचं सर्टिफिकेट बनवलेलं असू शकतं. ऑफिसच्या बाबतीत सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला फोन लावा. प्रत्येक सर्टिफिकेटचा ‘फिंगरप्रिंट’ म्हणून आकडे-अक्षरांचा लांब ठसा असतो. तो त्याच्याकडून वाचून घ्या, पडद्यावरचा जुळवा, मगच ‘मान्य’ म्हणा. त्याला चॅटवर विचारू नका, कारण शंका चॅटवरच आहे.

सर्टिफिकेट बरोबर, तरी माणूस बरोबर असेलच असं नाही

सर्टिफिकेट एवढंच सांगतं की तुम्ही योग्य दारात आहात. घरमालक कसा आहे, ते सांगत नाही. टोटॉक नावाचं अॅप गल्फमधल्या आपल्या लोकांत झपाट्यानं पसरलं होतं, कारण त्यावर फुकट बोलता यायचं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं बातमी दिली की ते अमिरातीच्या सरकारचं हेरगिरीचं साधन आहे. गुगल आणि अॅपलनं ते आपल्या स्टोअरमधून काढलं, कंपनीनं आरोप नाकारला. तिथे सर्टिफिकेटचा इशारा येण्याचा प्रश्नच नव्हता.

तसंच माणसाचं. व्हॉट्सअॅपवर कधी ‘सिक्युरिटी कोड बदलला’ असा निरोप येतो. मुलानं फोन बदलला किंवा अॅप पुन्हा टाकलं की तो येतोच, घाबरायचं कारण नाही. पण त्याच दिवशी ‘अम्मी, अर्जंट पैसे पाठव’ आलं तर आधी त्याच्याशी बोला, आवाज ऐका. खात्री करायची असेल तर संपर्काच्या माहितीत ‘एन्क्रिप्शन’मध्ये ६० आकड्यांचा नंबर असतो, तो दोघांच्या फोनवर सारखा असला पाहिजे.

आधी काही बसवलं असेल तर आजच तपासा

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’, मग ‘क्रेडेन्शियल्स’च्या आत ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ उघडा आणि ‘यूजर’ हा भाग बघा. प्रत्येक कंपनीच्या फोनवर नावं थोडी वेगळी असतात, सेटिंगमध्ये ‘ट्रस्टेड’ शोधलं तरी सापडतं. तिथे काहीच नसेल तर उत्तम. आयफोनवर ‘जनरल’मध्ये ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ बघा. विंडोजवर सर्चमध्ये ‘सर्टिफिकेट’ शोधून ‘मॅनेज यूजर सर्टिफिकेट्स’ उघडा आणि ‘ट्रस्टेड रूट’चा कप्पा बघा. तिथे मात्र खऱ्या संस्थांची लांब यादी असते, म्हणून अंदाजानं काही काढू नका, जाणकाराला बसवा. फोन कंपनीनं दिलेला असेल तर तिथलं सर्टिफिकेट कंपनीचं असू शकतं, त्यांना विचारा.

पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. लाजेनं गप्प बसणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं.

त्या राजिवड्याच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या मुलाला शेजारी बसवलं आणि त्याच्याच हातानं ती फाइल यादीतून काढायला लावली. यादीत एक नाव होतं, जे ना त्याला माहीत होतं ना आम्हाला. त्या कॉम्प्युटरवरून गेलेले पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. मग सेल बदलला. मुलगा ओशाळला होता, पण चूक त्याची एकट्याची नव्हती. ईदच्या घाईत आम्ही मोठी माणसंही त्याला ‘काहीतरी करून उघड रे’ म्हणत होतो.

पोरांना एवढंच शिकवूया: अनोळखी माणूस दारात आला तर आपण नाव-गाव विचारतो, ओळख पटल्याशिवाय आत घेत नाही. फोन आपल्या वतीनं तेवढंच करतोय. तो थांबला तर त्याला ढकलू नका, का थांबला ते विचारा.